स्वप्नाचा फेरफार

आपल्या पुस्तकाला आपणच प्रस्तावना लिहू नये, हस्तलिखित घेऊन एखाद्या मान्यवराच्या दारी जावे, त्यांनी ते चाळून चार शब्द लिहून द्यावेत आणि त्या चार शब्दांच्या आडोशाने लेखकाने वाचकांसमोर यावे, असा आपल्याकडचा जुना आणि विनयशील रिवाज आहे. तो मी मोडला, याचे कारण उद्दामपणा नव्हे. भयकथांच्या संग्रहाला प्रस्तावना मागितली की मान्यवर मंडळी प्रथम मंद हसतात, मग भयकथा हा वाङ्मयप्रकार गंभीर असू शकतो हे सिद्ध करू लागतात, आणि ते सिद्ध होईपर्यंत वाचकाची भीती निघून गेलेली असते. शिवाय या नऊ कथांना जोडणारा धागा मला ज्या दफ्तरात सापडला, त्या दफ्तराची भाषा मला अवगत आहे. मान्यवरांना ती असण्याचा संभव कमी.

माझी हयात महसूल खात्यात गेली. तलाठी म्हणून लागलो, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो, आणि मधली वर्षे बहुतांशी एकच वाक्य निरनिराळ्या नावांनी लिहिण्यात गेली: अमुक मयत झाले, त्यांचे वारस अमुक, सबब नोंद केली. ज्यांनी चावडीची पायरी कधी चढलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो की, जमिनीचा धनी बदलला म्हणजे ती खबर प्रथम गाव नमुना ६ मध्ये फेरफार म्हणून लिहावी लागते, हितसंबंधितांना नोटीस बजवावी लागते, हरकत घ्यावयास पंधरा दिवसांची मुदत असते, आणि हरकत न आल्यास मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. तेव्हा कुठे सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस पडतो आणि त्याखाली नवे नाव चढते. मनुष्याचे सारे मरण त्या कंसात मावते. प्रारंभी मला याचे वाईट वाटे. पुढे वाटेनासे झाले, आणि वाटेनासे झाले याचे वाईट वाटण्याइतकी फुरसत निवृत्तीनंतर मिळाली.

अशाच एका पावसाळ्यात बापाची वारसनोंद करावयास आलेला पन्नाशीचा एक शेतकरी अंगठा उठवून झाल्यावरही बाकावरून उठेना. बाहेर पाऊस कोसळत होता म्हणून बसला असेल असे समजून मी पुढच्या कागदाला हात घातला, तोच तो खालच्या आवाजात म्हणाला, "भावसाहेब, जमीन आता नावावर चरंल, पन बापाचा सपान त्याचे आधीच माजे नावावर झालाय." मग त्याने जे सांगितले ते असे. बाप जिवंत असता त्याला वर्षानुवर्षे एकच स्वप्न पडे: रात्रीची वेळ, लावणी झालेले खाचर, आणि बांधापलीकडे कोणीतरी शेताची मोजणी करीत आहे. मोजणारा दिसत नाही. ऐकू येते ती साखळी, ती जुनी तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची लोखंडी साखळी, जी चिखलातून ओढताना एक ओला, जड आवाज करते. एक साखळी मोजून होते, थांबते, पुन्हा ओढली जाते, आणि दर खेपेस आवाज हातभर जवळ येतो. मोजणी शेताची नसून आपली चालली आहे, हे झोपलेल्याला उमगते त्या क्षणी त्याचा कंठ बंद होतो. बापाचे तेरावे झाले त्या रात्री हे स्वप्न मुलाला पहिल्यांदा पडले. आणि त्याच्या स्वप्नात साखळी बांधापलीकडे नव्हतीच. बापाच्या उशापाशी ती जिथे थांबली होती, तिथूनच पुढे चालू झाली होती.

मी त्याला काय उत्तर दिले ते आज स्मरत नाही. मोजणीचा अर्ज आमच्याकडे होत नसतो, असे काहीतरी सरकारी बोललो असेन. परंतु त्या रात्री दिघाशीच्या घरी, कौलांवर पाऊस वाजत असताना, मी कान देऊन पडलो होतो हे कबूल करावयास हरकत नाही. पुढे कित्येक वर्षांनी कथा लिहावयास बसलो तेव्हा संग्रहाची रचना मला शोधावी लागली नाही. स्थावर मिळकत एका नावावरून दुसऱ्या नावावर जाते तसे एक दुःस्वप्न एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते, कधी वारसाने, कधी खरेदीने, कधी निव्वळ कब्जेवहिवाटीने, आणि प्रत्येक कथा म्हणजे अशा एका धारकाची नोंद, इतकाच या पुस्तकाचा आराखडा आहे.

ही कल्पना माझीच, असा माझा काही काळ समज होता. तो ऋग्वेदाने दूर केला. आठव्या मंडलातील सत्तेचाळिसाव्या सूक्ताच्या अखेरच्या ऋचांत दुःस्वप्नाच्या निवारणाची प्रार्थना आहे. आणि तीत दुःस्वप्न नष्ट होवो असे न म्हणता, ते आमच्याकडून काढून दूरच्या त्रित आप्त्याकडे पोचते करावे, अशी विनंती उषेला केलेली आहे. अथर्ववेद याहून रोखठोक आहे: तेथे वाईट स्वप्न आपला द्वेष करणाऱ्याच्या दारी नेऊन टाकण्याची तजवीज आहे. म्हणजे दुःस्वप्न ही नष्ट न होणारी, केवळ हस्तांतरणीय अशी वस्तू आहे, ही समजूत वैदिक ऋषींइतकी प्राचीन आहे. त्रित आप्त्याने पुढे त्या स्वप्नांचे काय केले, हे मात्र ऋचा सांगत नाही. माझ्या मते भयकथेला तेथून आरंभ होतो, कारण ज्याच्या नावावर सगळ्यांची दुःस्वप्ने चढली त्याने झोपावे कसे, हा प्रश्न सूक्तकर्त्याने त्याच्या दारात ठेवून दिला आणि तो निघून गेला.

दुःस्वप्न हा शब्द मुळात पोथीतला. आमच्याकडे कोणी सकाळी उठून मला दुःस्वप्न पडले असे म्हणत नाही. अंगावर बसले, छातीवर दडपण आले, रात्री ओरडलास कशाला, असे म्हणतात, आणि या बोलण्यात जे अचूक शारीर निरीक्षण आहे ते संस्कृत शब्दात उतरलेले नाही. इंग्रजांचा शब्द या बाबतीत आमच्या खेड्याच्या बाजूचा आहे, कारण 'नाइटमेअर'मधील 'मेअर' ही घोडी नसून झोपलेल्याच्या छातीवर येऊन बसणारी एक पिशाच्चजातीची बया आहे, आणि हेन्री फ्यूसेली याने १७८१ साली या विषयावर काढलेल्या प्रसिद्ध चित्रात मंचकावर अस्ताव्यस्त पडलेल्या स्त्रीच्या उरावर एक कुरूप आकृती बसलेली दाखविली आहे. (चित्रकाराने पडद्याआडून एका घोड्याचे डोकेही डोकावताना रंगविले आहे, शब्दाचा घोळ त्यालाही मोह घालून गेला असावा.) शास्त्रज्ञांनी याचा उलगडा पुढे केला. १९५३ साली शिकागो येथे यूजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लेटमन यांनी झोपेची अशी एक अवस्था दाखवून दिली, जीत मिटल्या पापण्यांखाली बुबुळे झरझर फिरतात आणि जीत माणसाला जागे केल्यास तो बहुधा स्वप्न सांगतो. याच अवस्थेत शरीराचे बहुतेक स्नायू शिथिल पडलेले असतात, ही निसर्गाची कृपाच, एरवी स्वप्नात धावणारा माणूस अंगणात जाऊन पडता. परंतु कधीकधी मन जागे होते आणि देह अजून सुटलेला नसतो, आणि मग हात हलत नाही, हाक फुटत नाही, आणि न हलणाऱ्या छातीवर कोणीतरी बसल्याचा प्रत्यय येतो. बृहदारण्यकात झोपलेल्याला एकाएकी जागे करू नये, आत्मा जागेवर परतला नाही तर त्यावर उपचार कठीण, असे तेव्हाच्या जाणत्यांचे मत नोंदलेले आहे. निदान वेगळे, पण रोगी तोच.

चरकाने इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार केले आहेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. पैकी पहिल्या पाचांना फळ नाही, असा त्याचा निकाल आहे. रात्रीच्या आरंभी पडलेले स्वप्न अल्पफल, आणि जे पाहिल्यावर पुन्हा झोप लागत नाही ते महाफल, हा त्याचा दुसरा निकाल मला अधिक विचार करावयास लावणारा वाटतो, कारण त्यात स्वप्नाची किंमत त्यातील दृश्यावर न ठरविता ते पाहणाऱ्याच्या पुढच्या जाग्रणावर ठरविली आहे. भयकथेच्या परीक्षेचा याहून चांगला नियम मला ठाऊक नाही. आणि चावडीवरच्या त्या शेतकऱ्याचे कोडेही चरकाच्या यादीत सुटते, असे मला पुढे वाटू लागले. बाप आणि मुलगा आयुष्यभर एकाच ओटीवर निजले. बाप रात्री ओरडून उठे, घाम पुसे, साखळी, साखळी म्हणे. मुलाने ते लहानपणापासून शेकडो वेळा ऐकले. हे श्रुत स्वप्न. चरकाच्या न्यायाने ते निष्फळ ठरते. तरीसुद्धा मला असे विचारावेसे वाटते की, बापाने मुलाला आपली भीती इतक्या चोखपणे शिकविली, तो वारसा जमिनीपेक्षा कमी पक्का कसा म्हणावा?

दुःस्वप्नाची दृश्ये मात्र आपल्या ग्रंथांनी फार सढळ हाताने दिलेली आहेत. आजोळी असलेल्या भरताला पित्याच्या मृत्यूची वार्ता पोचण्यापूर्वी रात्री जे स्वप्न पडते, त्यात दशरथ मळकट वेषात शेणाच्या डबक्यात पडतो, ओंजळीने तेल पितो, आणि गाढवे जोडलेल्या रथातून दक्षिणेकडे जातो; लंकेत त्रिजटेला पडलेल्या स्वप्नातही रावणाला गाढवांच्याच रथातून दक्षिण दिशेस जाताना पाहिले आहे. स्वप्नातल्या या गाढवाचा माग काढीत मी एकदा आमच्याच तालुक्यात येऊन पोचलो. लोणाड येथील प्राचीन मंदिर व लेणे पुष्कळांनी पाहिलेले असते. त्या परिसरात शिलाहारकाळचे गद्धेगळही आढळले आहेत. राजाने दिलेले दान, गावची जमीन वा उत्पन्न, जो कोणी हिरावून घेईल त्याला काय भोगावे लागेल, याची शिवी दगडावर कोरलेली, वर चंद्रसूर्य, मध्ये लेख, आणि खाली त्या अपराध्याच्या कुळातील स्त्री व गाढव यांचे ते सर्वज्ञात, पाहणाऱ्याला मान फिरवावयास लावणारे दृश्य. इतिहासाचे अभ्यासक याला शापवचन म्हणतात. मी त्याला सरकारी खर्चाने कोरलेले दुःस्वप्न म्हणतो. ज्या काळी पोलीस नव्हते आणि रेकॉर्ड रूम नव्हती, त्या काळी सनदेचे रक्षण करावयास राज्यसत्तेने रात्रीची भीती नोकरीस ठेविली होती; आणि त्या भीतीचा मसुदा करणाऱ्या अज्ञात कारकुनाला दंडाची वसुली मुळात कोठून होणार हे नीट ठाऊक होते, यात मला शंका नाही. मात्र त्या शिळेवर अपमान कोरला आहे तो अपराध्याचा नव्हे, त्याच्या घरातील बाईचा. या अन्यायाकडे मला पुढे वळायचे आहे.

एका सूत्रात भयकथा ओवण्याची रीत आपल्याला नवीन नाही. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मिरात रचलेल्या कथासरित्सागरात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत, आणि मराठी मुद्रणाच्या अगदी बाल्यावस्थेत, १८३० साली, सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी 'वेताळपंचविशी' मराठीत आणली. तिच्याविषयी एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. वेताळ ज्या कथा सांगतो त्या भयानक नसतातच. त्या न्यायनिवाड्याच्या कथा आहेत, खरा नवरा कोण, खरा उदार कोण, दोष कोणाचा, अशा, जणू एखाद्या कोर्टातले मुकदमे. भय आहे ते चौकटीत: मसणवट, काळोख, शिंशपेचे झाड, आणि खांद्यावर बोलू लागलेले प्रेत. कथा संपते, राजा तोंड उघडतो, प्रेत झाडावर परत जाते, आणि राजाला पुन्हा तितकेच अंतर तुडवावे लागते. हे पुन्हा परत जाणे म्हणजेच दुःस्वप्नाची मूळ चाल होय. इंग्लंडात १९४५ साली, महायुद्ध संपता संपता, 'डेड ऑफ नाइट' नावाचा एक चित्रपट निघाला, त्यात हीच चाल निराळ्या वेषाने आली आहे: एक वास्तुशास्त्रज्ञ एका खेड्यातील घरी येतो, तेथील प्रत्येक माणूस आपण स्वप्नात पाहिला असल्याचे सांगतो, जमलेले पाहुणे एकेक अद्भुत अनुभव कथन करतात, शेवटी सारे दुःस्वप्न कोसळते, तो आपल्या अंथरुणात जागा होतो, आणि फोन वाजून त्याला त्याच घरचे बोलावणे येते. फ्रेड हॉईल आणि त्याचे दोन मित्र यांना विश्वाला आरंभ नाही व अंत नाही हा आपला सिद्धान्त या चित्रपटाच्या वर्तुळाकार रचनेवरून सुचला, असे ते सांगत. सिद्धान्त पुढे टिकला नाही, चित्रपट टिकला.

या चित्रपटाने एक नाजूक धोका पत्करून पार पाडला आहे, आणि आमच्याकडील पुष्कळ लेखक त्याच धोक्यात बुडाले आहेत. दहा पाने वाचकाला वेठीस धरावे आणि अकराव्या पानावर, इतक्यात त्याला जाग आली, असे लिहून मोकळे व्हावे, हा मी वाङ्मयीन अफरातफरीचा प्रकार समजतो. वाचकाने आपली भीती विश्वासाने ठेव म्हणून दिलेली असते, आणि लेखक तिजोरीच नव्हती असे सांगतो. स्वप्नाला कथेचा शेवट म्हणून वापरणे वर्ज्य, ही अट मी स्वतःवर पहिल्या दिवशी घालून घेतली. या संग्रहात स्वप्ने कथेच्या मध्यावर पडतात आणि जाग आल्यावर कथा पुढे चालते. दुसरी अट अशी की, स्वप्नात काय वाटेल ते घडू शकते या सवलतीचा फायदा घ्यावयाचा नाही. उडणारी मुंडकी, रक्ताच्या नद्या यांतले काही येथे नाही. प्रत्येक स्वप्नात नित्याच्या जगाहून फक्त एक गोष्ट अधिक असेल, आणि ती म्हणजे साखळीचा आवाज.

मराठीत हे क्षेत्र ज्यांनी कसले त्यांचे ऋण मान्य केल्यावाचून पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी भयकथेला मराठीत स्वतंत्र खाते उघडून दिले. त्यांच्या जगात अमंगल हे खरोखर अस्तित्वात असते, ते बाहेरून येते, आणि समर्थांसारखा अधिकारी पुरुष ते परतवू शकतो. म्हणून धारप वाचून घाबरलेला वाचक शेवटी झोपी जाऊ शकतो. परदेशी कथावस्तू मराठी वाड्यात आणून बसविण्याचे त्यांचे कसब, 'लुचाई' हे त्याचे ठळक उदाहरण, टीकेचा विषय झाले आहे. पण कर्जाऊ बियाणे आपल्या मातीत रुजविणाऱ्याला मी शेतकरीच म्हणेन. २०१८ साली आलेल्या 'तुंबाड' चित्रपटाने नाव श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीवरून आणि मूळ बीज धारपांच्या कथेवरून घेतले, त्यावरून त्या बियाण्याची उगवणशक्ती दिसून येते. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांची रीत याच्या उलट. वीस वर्षे बँकेत नोकरी केलेल्या या लेखकाच्या गूढकथेत भीती वाड्यात राहत नाही. ती चाळीतल्या, फ्लॅटमधल्या, व्यवस्थित आवरलेल्या खोलीत राहते, आणि अनेकदा तिचे उगमस्थान घरातल्याच कोणाच्या तरी मनात असते. 'खेकडा' वाचल्यानंतर मला बरेच दिवस घरच्या माणसांच्या चेहऱ्यांची भीती वाटे, भुतांची नव्हे. जी. ए. कुलकर्णी यांची गणना कोणी भयकथाकारांत करीत नाही आणि ती करूही नये. तथापि 'काजळमाया'तील माणसे ज्या अटळपणाने आपल्या नियतीकडे चालत जातात, तो अटळपणा दुःस्वप्नाचाच आहे, आणि तिघांत मला सर्वाधिक भीती त्यांचीच वाटते, हे नमूद करून ठेवतो.

परंतु भुतांचा सर्वांत विलक्षण ग्रंथ कोणा ललित लेखकाने लिहिलेला नाही. तो सरकारी कामकाजातून निपजला. नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन याने लोकसमजुतींविषयी सामग्री जमविली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळी घातली, आणि मागे राहिलेल्या कागदांवरून आर. ई. एन्थोवेन याने कोकणाच्या लोकसमजुतींचे पुस्तक सिद्ध करून १९१५ साली प्रसिद्ध केले. यातील माहिती मुख्यत्वे गावोगावच्या शाळामास्तरांनी प्रश्नावलीला दिलेल्या उत्तरांतून आलेली आहे. कल्पना करावी: कोकणातला एखादा मास्तर दिवसा मुलांना उजळणी शिकवितो आणि संध्याकाळी चिमणीच्या उजेडात, आपल्या गावी भुते किती प्रकारची आहेत, या प्रश्नाचे अदबीने उत्तर लिहितो. ती यादी मी पुनःपुन्हा वाचली आहे. मुंज झाली पण सोडमुंज झाली नाही असा मरून मुंजा होतो. सवाशीण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट, बाळंतपणात मेली तर हडळ. बुडून मेला तो गिऱ्हा. मनुष्याचा वर्ण, लग्न, वैधव्य, पोरकेपणा यांचे जे जे रकाने हयातीत त्याच्या नावापुढे भरलेले होते ते मेल्यावरही खोडले गेलेले नाहीत. भूतयोनीतही ज्याचे त्याचे खाते वेगळे. ज्या समाजाने विधवेच्या भुताला सवाशिणीच्या भुताशेजारी बसू दिले नाही, त्याची रात्र त्याच्या दिवसाहून निराळी कशी असणार? या यादीपुढे माझी सगळी कल्पकता मला क्षुल्लक वाटली, आणि तिच्यातले एकही भूत मी या पुस्तकात घेतले नाही.

न घेण्याचे दुसरे कारण मघाशी गद्धेगळाच्या संदर्भात सूचित केले आहे. भयाचे मोल फार वेळा बाईला चुकवावे लागते. ठाणे-पालघरच्या पट्ट्यात गावात पोर दगावले, गुरे मेली, की एखाद्या एकट्या म्हातारीकडे भुताळी म्हणून बोट दाखविले जाते, आणि त्यानंतर जे घडते त्याला कथा म्हणता येत नाही, त्याचा पंचनामा करावा लागतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आयुष्य वेचले, तो २०१३ साली, त्यांच्या खुनानंतर, राज्यात अमलात आला. तेव्हा स्पष्ट लिहितो: या संग्रहातील कोणत्याही कथेत संकटाला बाई जबाबदार नाही, कोणताही भगत कोणाचे नाव सांगत नाही, आणि भुते आहेत असा दाखला हे पुस्तक देत नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस ही म्हण ज्याने केली त्याने भीती आधी आणि राक्षस मागून, हा अनुक्रम बरोबर लावलेला आहे. माझा विषय त्या म्हणीचा पूर्वार्ध.

आता कथांविषयी थोडे. पहिली अर्थात त्या खाचरातली, जितकी आठवली तितकी, नावगाव बदलून. एक कथा भिवंडीच्या यंत्रमागाची आहे, आणि ती लिहिताना मला सर्वाधिक दिवस लागले. बारा बारा तासांच्या पाळ्यांनी चालणाऱ्या मागांवर जे परप्रांतीय कारागीर काम करतात, ते एका खोलीत पुष्कळजण राहतात, आणि दिवसपाळीवाला उठला की त्याच्या अजून ऊब असलेल्या अंथरुणावर रातपाळीवाला येऊन निजतो. एका अंथरुणावरची दोन माणसे एकमेकांशी महिनोन्महिने बोललेलीसुद्धा नसतात. साखळीचा आवाज एकाच्या झोपेतून दुसऱ्याच्या झोपेत कसा जातो, हे दाखवावयास मला मग कोणत्याही चमत्काराची गरज उरली नाही. आणि मागांच्या खडखडाटात तो आवाज कोणाला जागेपणी ओळखू येणार नाही, ही सोय त्या शहराने आपण होऊन करून दिली. दुसऱ्या एका कथेत तालुक्यातून मुंबईकडे गेलेल्या प्रचंड जलवाहिन्या आहेत. तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबई पिते, आणि ते आमच्या गावांच्या शिवारातून जाते. पाइपलाइनीला कान लावून बसण्याचा खेळ माझ्या लहानपणी मुलांत होता. पाण्याबरोबर स्वप्नही शहरात पोचत असेल तर कोणत्या मजल्यावर, एवढीच ती कथा. गोदामांच्या रांगा, त्यांच्या पहारेकऱ्यांच्या खुर्च्या, रात्रभर उभे राहिलेले ट्रक, हे सारे पुढच्या कथांत यथाक्रम येते. जिथे खाचरे होती तिथे गोदामे उभी राहिली आणि एकेका गुंठ्याचे मोल चढले, तेव्हा रात्री शेत मोजणाऱ्याला काम वाढलेच असणार.

शेवटची कथा मी तीनदा लिहिली आणि तीनदा काढून टाकली, कारण तीत स्वप्नाचा नववा धारक कोण असावा याचा निर्णय होईना. त्या विवंचनेत असता मला माझी आजी आठवली. घरात कोणी रात्री दचकून उठले की दुसऱ्या दिवशी पहाटे ती गजेंद्रमोक्ष लावी. भागवताच्या आठव्या स्कंधातील ही कथा प्रातःकाळी म्हटल्याने दुःस्वप्नाचे शमन होते असे भागवतच सांगते, आणि विष्णुसहस्रनामात दुःस्वप्ननाशन हे विष्णूचे एक नावच आहे. नक्राने पाय धरलेला हत्ती, खोल पाणी, कोणी सोडवायला नाही: ही तर स्वतःच एका दुःस्वप्नाची हकीकत. ती ऐकली की पहिले दुःस्वप्न हटते, कारण आता ते एकट्याचे राहत नाही. आजी म्हणते, आम्ही भोवती बसून ऐकतो, आणि पंचनाम्याला निदान दोन पंच लागतात तसे रात्री एकट्याने पाहिलेल्याला पहाटे चार साक्षीदार मिळतात. चावडीवर बसलेला तो शेतकरी माझ्याकडे अंगाऱ्यासाठी आला नव्हता, मोजणीच्या अर्जासाठीही नव्हता. त्याला नोंद हवी होती. ती मी तेव्हा केली नाही. इतक्या वर्षांनी करीत आहे, आणि विलंबाबद्दल त्याची माफी मागतो.

म्हणून नववी कथा पूर्ण आहे, मात्र तिच्यातल्या धारकाला मी नाव दिलेले नाही. तो फक्त रात्री, दिव्याखाली, हातात पुस्तक घेऊन बसलेला आहे. फेरफार नियमाप्रमाणे लिहिला आहे. हे पुस्तक हीच नोटीस समजावी, आणि कोणाची हरकत असल्यास ती पंधरा दिवसांचे आत लेखी कळवावी.

दिघाशी, तालुका भिवंडी